भिंतीची भुकटी आणि एक लाख ऐंशी हजारांचे कोटेशन : रंगकामासाठी कर्ज काढावे का?

जुळे सोलापुरातील एका वाचकाने मकरसंक्रांतीनंतर पाठवलेल्या पत्राचा आशय असा. २०१२ साली बांधलेल्या त्यांच्या एकमजली घराच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या बाहेरील भिंतींवरून हात फिरवला की तळहात पांढरा होतो आणि भिंतीला टेकलेल्या शर्टावर पट्टा उमटतो. न्हाणीघरामागील भिंतीचा पायथा फुगून त्याचे पोपडे पडत आहेत. एका रंगाऱ्याने चारही भिंतींवर थेट दोन हात रंग देण्याचे ४४,००० रुपये सांगितले आहेत. दुसऱ्या ठेकेदाराने आतून-बाहेरून संपूर्ण कामाचे १,८०,००० रुपयांचे कोटेशन दिले असून तीन वर्षांच्या हप्त्यांवर, १४ टक्के दराने वैयक्तिक कर्ज मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. पती-पत्नींचे मिळून हाती येणारे उत्पन्न ५४,००० रुपये आहे. त्यातून गृहकर्जाचा ११,५०० रुपयांचा हप्ता, २८,००० रुपये घरखर्च आणि ४,००० रुपयांची एसआयपी जाते. बचत खात्यात ५२,००० रुपये आहेत, ३ लाखांची मुदत ठेव जूनमध्ये पूर्ण होत आहे आणि जुलैत मुलीची ८५,००० रुपये फी भरायची आहे. पत्नीने पाटल्या गहाण ठेवण्याचीही तयारी दाखवली आहे. काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

स. न.

आपण पैसा कोठून आणावा हे विचारले आहे, परंतु त्याआधी कोणत्या भिंतीला नेमके काय झाले आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण आपल्या पत्रातील वर्णनावरून आपल्या घराला एक नव्हे, दोन वेगवेगळे विकार आहेत आणि दोन्ही कोटेशनांत त्यांची सरमिसळ झाली आहे.

दक्षिण आणि पश्चिम भिंतींवरची भुकटी हा उन्हाचा परिणाम आहे. रंगात रंगद्रव्य, खडूसारखी भरणद्रव्ये आणि या सर्वांना धरून ठेवणारे चिकट माध्यम असते. वर्षानुवर्षे ऊन झेलून हे माध्यम झिजते आणि मागे उरते ती सुटी पूड. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि वर्षाचा बराच काळ दुपारनंतरचे ऊन याच दोन भिंतींवर असते. रंगात पाणी जास्त मिसळले असेल, आतल्या भिंतींचा रंग बाहेर वापरला असेल, किंवा कोऱ्या गिलाव्यावर प्राइमर न देता रंग दिला असेल आणि गिलाव्याने त्यातले माध्यम शोषून घेतले असेल, तर हीच अवस्था कितीतरी लवकर येते. न्हाणीघरामागचा प्रकार मात्र लोणा आहे. गळक्या जोडातून झिरपणारे पाणी विटांमधले आणि गिलाव्यातले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते, पाणी उडून जाते आणि क्षार रंगाला आतून ढकलतात. हा विकार रंगाच्या कोणत्याही डब्याने बरा होत नाही.

खात्री करून घेण्यास खर्च येत नाही. जुन्या सोलापुरी चादरीचा गडद रंगाचा तुकडा घेऊन चारही भिंतींवर, छातीच्या उंचीवर, सारख्याच जोराने एक-एक वीत घासावा आणि चारही ठिकाणचे डाग उजेडात शेजारी ठेवून पाहावेत. डागात भिंतीच्या रंगाची फिकी छटा दिसली तर ती रंगाचीच भुकटी समजावी. त्यानंतर ओल्या फडक्याने थोडी जागा पुसावी. भुकटी असेल तर पाणी दुधाळ होते. लोणा असेल तर ओले असताना पांढरेपणा नाहीसा होतो आणि जागा वाळली की पुन्हा उमटतो. उत्तर आणि पूर्व भिंतींचा डाग फिका निघेल असा माझा कयास आहे. तसे झाल्यास त्या भिंतींवर यंदा रंगाचा एक रुपयाही खर्च करू नये. त्या धुऊन घेतल्या तरी आणखी एक-दोन वर्षे सहज निघतील.

आता ४४,००० रुपयांच्या प्रस्तावाविषयी. २,२०० चौरस फुटांना हा दर चौरस फुटामागे २० रुपये पडतो आणि तो स्वस्त वाटणे स्वाभाविक आहे. ‘धुण्याची गरज नाही, नवा रंग सगळे धरून ठेवतो’ हे रंगाऱ्याचे म्हणणे आपण पत्रात उद्धृत केले आहे. मी हीच चूक माझ्या स्वतःच्या घराच्या गच्चीच्या भिंतीवर करून बसलो आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तळहाताएवढा पोपडा सुटून हातात आला, तेव्हा त्याची पुढची बाजू नव्यासारखी होती आणि मागची बाजू पिठात लोळवलेल्या भाकरीसारखी पांढरी होती. नवा रंग भिंतीला चिकटलाच नव्हता, तो भुकटीला चिकटला होता. असे काम दोन वर्षे टिकले असे धरले तरी त्याचा वार्षिक खर्च २२,००० रुपये होतो. धुणे, घासणे, भिंतीत मुरून उरलीसुरली भुकटी बांधणारा प्राइमर आणि बाहेरच्या भिंतींसाठीचे ॲक्रिलिक इमल्शन दोन हात, असे काम चौरस फुटाला २८ रुपयांनी चारही भिंतींवर केले तर ६१,६०० रुपये लागतील, आणि ते सहा वर्षे टिकले तर वर्षाला सुमारे १०,२७० रुपये पडतील. टिकाऊपणाची ही वर्षे माझ्या अंदाजाची आहेत, परंतु ती थोडी कमी-जास्त झाली तरी निष्कर्ष बदलत नाही.

१,८०,००० रुपयांच्या प्रस्तावाविषयी मला अधिक काळजी वाटते. ३६ महिन्यांचा हप्ता सुमारे ६,१५२ रुपये येतो, म्हणजे आपण एकूण २,२१,४७० रुपयांच्या आसपास फेडणार. त्यातील व्याजच साधारण ४१,४७० रुपये आहे आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. आपल्याकडे सर्व खर्च वजा जाता महिन्याला १०,५०० रुपये उरतात. हप्त्यानंतर ४,३५० रुपयेही उरणार नाहीत आणि जुलैची फी मग पुन्हा कर्जातूनच भरावी लागेल. दुरुस्तीच्या कर्जावर कर वाचतो असे ठेकेदाराने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठीच्या कर्जव्याजाची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते आणि ती वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच मर्यादित आहे. नव्या पद्धतीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे आपल्या उत्पन्नावर वाचवण्यासारखा कर मुळात उरतच नाही. या कोटेशनातील बाहेरच्या भिंतींवर सरसकट पुट्टीची बाबही मला पटत नाही, कारण सिमेंटची पुट्टी भुकटी सुटणाऱ्या जुन्या रंगावर नीट धरत नाही. आतल्या खोल्यांचे डिस्टेंपर कपड्यांना लागते ही गैरसोय खरी, पण ते काम थांबू शकते.

माझा सल्ला असा आहे की यंदा दक्षिण आणि पश्चिम या दोनच भिंती कराव्यात. त्यांचे क्षेत्रफळ आपण दिलेल्या मापांनुसार १,१५० चौरस फूट आहे, म्हणजे २८ रुपयांनी ३२,२०० रुपये. न्हाणीघराची गळती काढणे आणि खराब गिलावा पाडून नवा करणे यासाठी प्लंबर आणि गवंडी मिळून ९,५०० रुपये धरले आहेत. एकूण ४१,७०० रुपये. त्या कर्जाचे नुसते व्याज जेवढे होते, जवळपास तेवढ्यातच आपल्या घराची खरी गरज भागते. राहिलेल्या दोन भिंतींना पुढच्या हिवाळ्यात गरज भासल्यास आजच्या दराने २९,४०० रुपये लागतील. परांची दोनदा बांधावी लागल्याने काही हजार अधिक जातील, हे मान्य आहे. तरीही मुलीच्या फीच्या वर्षात रोख रक्कम हातात असणे मला अधिक मोलाचे वाटते.

पैशांची जुळणी अशी होते. बचत खात्यातील ५२,००० मधून हा खर्च केल्यावर १०,३०० उरतात. फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत १०,५०० प्रमाणे ५२,५०० जमतील, म्हणजे हाती ६२,८०० रुपये असतील. फीला कमी पडणारे २२,२०० रुपये जूनमध्ये पूर्ण होणाऱ्या ठेवीतून घ्यावेत. ठेव मोडावी लागणार नाही, दंड बसणार नाही आणि मिळणारे व्याज बाजूला ठेवले तरी २,७७,८०० रुपये शिल्लक राहतील. गृहकर्जाच्या हप्त्यासह आपला सहा महिन्यांचा खर्च २,३७,००० रुपये आहे, त्यामुळे अडीअडचणीचा निधी शाबूत राहतो. ती रक्कम लगेच पुन्हा ठेवीत टाकावी. एसआयपी बंद करू नये. पाटल्यांना हात लावण्याची वेळ या खर्चासाठी येत नाही, हे घरी आवर्जून सांगावे.

कामाचा करार मात्र कागदावर हवा. त्यात भिंती धुणे, घासणे, प्राइमर आणि प्रत्येक हात यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि १८ टक्के जीएसटी धरून की वगळून हेही स्पष्ट असावे. आगाऊ रक्कम वीस टक्क्यांहून अधिक देऊ नये. दुसरा हप्ता धुतलेली भिंत पूर्ण वाळल्यावर आणि आपण स्वतः चादरीच्या त्याच तुकड्याने घासून पाहिल्यावर द्यावा. तुकडा पुन्हा पांढरा झाला, तर प्राइमरचा डबा उघडू देऊ नये. शक्य असल्यास रंग आपण स्वतः खरेदी करावा, बिल जपून ठेवावे आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाबाहेर पाणी मिसळू देऊ नये. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून धुण्याचा दिवस नळाच्या दिवसाशी जुळवावा. बोअरचे जड पाणी धुण्याला चालेल, पण रंगात मिसळायला गोडेच पाणी वापरावे.

एक गोष्ट पैशांची नाही, तरी ती लिहिणे मला कर्तव्य वाटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले आणि आपले घर त्याआधीचे आहे. खिडक्यांच्या गजांवरील जुना ऑइल पेंट घासायचा झाल्यास तो ओला करूनच घासावा, तोंडाला मास्क असावा आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

सुरुवात न्हाणीघरापासून करावी, कारण ओल वाळण्यास वेळ लागतो. तिथले क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत, पाण्याने धुऊ नयेत, अन्यथा ते पुन्हा भिंतीत मुरतात. नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्यावे लागतील आणि तोवर उन्हाळा लागलेला असेल, म्हणून तो तुकडा पुढच्या हिवाळ्यापर्यंत कोराच ठेवावा. तो डोळ्यांना खुपेल, पण तेवढ्याकरिता घाई करू नये. दोन मोठ्या भिंतींचे काम फेब्रुवारी संपण्याआधी उरकावे. मार्चच्या मध्यानंतर तापलेल्या भिंतीवर रंग फार लवकर सुकतो आणि त्याचा थर नीट बांधला जात नाही. रंगाऱ्यांना पश्चिमेची भिंत सकाळीच, सावलीत असताना, करायला सांगावी.