जुन्या डिशमधला, म्हणजे टीव्हीच्या छत्रीमधला एलएनबी (दांड्याच्या टोकाची सिग्नल पकडणारी डबी) काढून तिथे वाय-फायचा अँटेना लावला तर रेंज वाढेल का? आणि फीड म्हणजे नक्की काय?

वाढेल, पण राउटरची दांडी तिथे बांधून नाही. ती चहूकडे सिग्नल फेकते, छत्रीवर त्यातला थोडाच पडतो. तिथे फीड लागतो, म्हणजे छत्रीकडे तोंड करून छत्रीभरच सिग्नल पसरवणारा छोटा अँटेना. एलएनबीच्या प्लास्टिक टोपीआड कड्या-कड्यांचं तोंड दिसतं ना, तोच. मागच्या डबीतलं सर्किट १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या उपग्रह लहरींसाठी आहे, वाय-फायच्या २.४ ला त्याचा उपयोग शून्य.

आता मुद्द्याचं. छत्री मोठी की सिग्नल मोठा, असं छातीठोकपणे सांगणारे आमचे एक मेव्हणे आहेत. त्यांनी कुठूनशी मधोमध फीडवाली, चांगली खोल, माझ्या छत्रीच्या दीडपट छत्री मिळवली आणि माझ्याच ऑफसेट, म्हणजे फीड मधोमध नसून खालच्या कडेला असलेल्या, छत्रीचा एलएनबी तिच्यावर चढवला. सिग्नल माझ्यापेक्षा जास्त येईना. दोष अर्थातच एलएनबीचा! मी काही बोललो नाही. पोती पाण्यात बुचकळली आणि छत्रीच्या काठाला गोल लटकवली. पाणी या लहरी गिळतं, म्हणजे तेवढा काठ बाद. तरी मीटरचा काटा जेमतेम हलला. काठ आधीपासूनच बेकार होता! ऑफसेटचा फीड मधल्या रेषेपासून साधारण ४० अंशांपर्यंतच बघतो, आणि ०.३५ एफ/डीच्या (एफ/डी म्हणजे फोकल अंतर, छत्रीच्या तळापासून फीडपर्यंतचं, भागिले व्यास) खोल छत्रीचा काठ असतो ७० अंशांवर. उलटं केलंत, म्हणजे रुंद नजरेचा फीड सपाट छत्रीला लावलात, तर तो काठापलीकडची गरम जमीन बघतो आणि नुसता गोंगाट गोळा करतो. मेव्हण्यांचं म्हणणं एवढंच, की पोती नीट भिजली नव्हती.

वाय-फायसाठी साधारण ९ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा फीड म्हणून चालतो. ऑफसेट छत्री असेल तर तोंडाला पत्र्याचं नरसाळं जोडा, नजर अरुंद होते. तोंड एलएनबीचं होतं तिथेच ठेवा. पण ६० सेंटिमीटरची छत्री १२ गिगाहर्ट्झला ३५ डीबीआय (अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचं माप) देते म्हणून हुरळू नका, २.४ ला लहर १२.५ सेंटिमीटरची, तिथे विशीच्या आसपास मिळेल.

कोणी मोठी छत्री घ्या म्हणालं तर आधी तिचा एफ/डी विचारा. मधोमध फीडवाल्या छत्रीचं फोकल अंतर म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळा पट. त्याला परत व्यासाने भागलं की झालं. टेप आणि एक सरळ काठी पुरते. यात वाद घालण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

हो, ऑफसेट छत्री दिसते तिथे बघत नाही, वीस-पंचवीस अंश वर बघते. समोरच्या इमारतीवर रोखायची तर ती जमिनीकडे झुकलेली दिसेल. मध्ये झाड आलं तर खेळ संपला. वाय-फायला किती ताकद चालते याचे नियमही आधी बघा, छत्री लावली की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. आणि सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट येतात, ती राउटरला चुकूनही जोडू नका.