करारातलं कलम 96 आणि वाचकांचे प्रश्न

युरोपीय संघाच्या आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांशी असलेल्या भागीदारीवर मागे लिहिलं होतं. त्यावर आलेले काही प्रश्न घेतो.

व्यापार आणि मदतीच्या करारात मानवी हक्क कशाला? शोभेलाच ना? (वाचक, नाशिक)

अगदीच शोभेला नाही. बेनिनमधल्या कोटोनू शहरात जून 2000 मध्ये युरोपीय संघ आणि या देशांत झालेल्या करारात मानवी हक्क, लोकशाही आणि कायद्याचं राज्य हा कराराचा पाया ठरला. तो मोडला तर कलम 96 खाली आधी बोलणी आणि त्यातून काही निघालं नाही तर मदत रोखणं. झिंबाब्वेवर 2002 मध्ये आणि बुरुंडीवर 2016 मध्ये हे कलम लागलं. त्याच्या जागी आलेल्या 2023 च्या सामोआ करारातही हीच तरतूद पुढे चालू आहे. पण कलम आपण होऊन हलत नाही. कोणाला कधी पकडून नेलं, कुठे डांबून ठेवलं, याची नोंद गावोगावच्या संघटना ठेवतात, तेव्हा ब्रसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयात, विषय निघतो. सोयीच्या मित्रदेशांकडे मात्र काणाडोळा होतो, ही टीका मला रास्त वाटते.

मदत थांबली की मरण गरिबांचंच. मग असली मागणी करायचीच कशाला? (वाचक, कोल्हापूर)

तुम्ही उसाच्या पट्ट्यातले, म्हणून फिजीचंच सांगतो. युरोपने 2006 पासून आपल्या साखरेच्या भावाला टप्प्याटप्प्याने 36 टक्के कात्री लावली. त्याचा फटका बसणाऱ्या ऊस उत्पादक देशांना सावरायला निधी देऊ केला. त्याच वर्षी डिसेंबरात फिजीत लष्कराने सत्ता घेतली. निवडणुकीचं वचन पाळलं नाही म्हणून 2009 चा हप्ता रद्द झाला. सेनापती आपल्या जागी राहिला. भाव आणि भरपाई दोन्ही गेले ते उसवाल्यांचे, आणि त्यात गिरमिटियांची, म्हणजे भारतातून करारावर नेलेल्या मजुरांची, नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येने. बुरुंडीत जरा शहाणपणाने झालं. सरकारी तिजोरीत जाणारे पैसे थांबवले, पण लोकांसाठीची मदत संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संघटनांमार्फत चालू ठेवली. ‘मदत बंद करा’ एवढंच म्हणू नये. कोणाच्या हातातली बंद करायची, हेही त्याच मागणीत लिहावं.

सरकारनेच संघटनांचा परदेशी पैसा अडवला तर? (विद्यार्थिनी, पुणे)

इथिओपियाने 2009 मध्ये हेच केलं. दहा टक्क्यांहून जास्त निधी बाहेरून घेणाऱ्या संस्थेला मानवी हक्कांवर कामच करता येईना. युरोपीय संघाने तोड काढली ती अशी, की आपला नागरी समाज निधी ‘स्थानिक’ पैसा म्हणून मान्य करून घेतला. कायदा बदलला 2019 मध्ये, तोवर अनेक संघटनांनी हक्कांचं काम सोडून दिलं होतं. आपल्याकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. मोठ्या शहरातल्या संस्थेचा हात धरून चालणाऱ्या तालुक्याच्या संस्थेची त्यात काय गत होते, हे त्या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

युरोपच्याच दारात का जायचं? (वाचक, ठाणे)

जाऊच नये असं नाही, पण पहिलं दार ते नसावं. आफ्रिकेतल्या संघटनांसाठी गांबियातल्या बांजुल इथे आफ्रिकी मानवी हक्क आयोग आहे. निरीक्षक दर्जा मिळालेल्या संघटना तिथे बोलू शकतात, सरकारी अहवालाला समांतर अहवाल देऊ शकतात. तक्रारीसाठी मात्र आधी देशातल्या कोर्टाची पायरी चढावी लागते, म्हणून निकालांच्या प्रती पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.