इरईकाठची जुनी खाण आणि पुराचा बांध: माझी चूक वाचून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. चंद्रपूरजवळच्या इरई नदीकाठची बंद ओपनकास्ट (वरून उघडी खणलेली) कोळसा खाण, माती भरून सपाट केलेली, आता वर झाडं नि सोलर. हेक-रासमध्ये (पुराचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) 100 वर्षांचा पूर (कुठल्याही वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का) चालवलात, पाणी बांधाच्या माथ्याखाली राहतंय. तर बांध नदीला लागून घालावा की मागे सरकवून, असं विचारताय. मेश (मॉडेलची जाळी), मॅनिंगचा एन (तळाचा खडबडीतपणा) वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

मॉडेलमध्ये नदीच्या खालच्या टोकाला काय दिलंय? नॉर्मल डेप्थ (म्हणजे पुढे अडथळा नाही, पाणी उताराप्रमाणे वाहून जातं असं धरणं) असेल तर ते उत्तर बाजूला ठेवा. माझ्या बांधाच्या वेळी मीही तेच दिलं होतं आणि मॉडेलमधून पाणी झकास निघून गेलं. प्रत्यक्षात इरई जिला मिळते ती वर्धा नदी तुडुंब असली की इरईला जायला वाटच नसते, फुगवटा मागे चढतो. जुलै 2022 मध्ये माझ्या बांधाला नदीकडून ओरखडाही आला नाही. पाणी आलं मागच्या नाल्यातून, उलटं, आवाज न करता. नाल्याच्या पाइपाला झडप नव्हती. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा पंपघराच्या भिंतीवर गाळाची रेघ, खिडकीच्या चौकटीपेक्षा चार विटा वर. नदी उतरली तरी आतलं पाणी हलेना. आता माझाच बांध त्याला अडवून बसला होता.

संगमाजवळच्या पातळ्या मी मागितल्या नव्हत्या असं नाही. एका कार्यालयात (नाव नको) चार महिने खेटे घातले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी अर्ज दुसऱ्या विभागाकडे. अखेर झेरॉक्स मिळाली ती रोज सकाळी 8 च्या एकाच वाचनाची. पूर रात्री चढला तर त्यात दिसणार काय? पातळी मोजायच्या पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती, त्या रकान्यात नुसती आडवी रेघ. वैतागून नॉर्मल डेप्थ टाकून मोकळा झालो. कार्यालयाला शिव्या घालतो खरा, पण तो आळस माझाच. पुरानंतर गावकऱ्यांनी मारुतीच्या देवळाच्या पायरीवर खूण दाखवली, ती लेव्हल लावून मोजली. हे आधी करायला एक दिवस लागला असता.

म्हणून दोन्ही चालवा: इरई मोठी नि वर्धा साधारण, मग वर्धा मोठी नि इरई साधारण. माझ्याकडे दुसऱ्यानेच बांधाची उंची ठरवली. भूपृष्ठासाठी एसआरटीएम (अंतराळयानातून रडारने मोजलेला उंचीचा नकाशा) वापरला असेल तर तो फेब्रुवारी 2000 चा आहे. नंतरचे मातीचे ढिगारे त्याला ठाऊकच नाहीत. आणि पूरमैदान आवळतात ते हेच.

माझं मत विचाराल तर बांध मागे सरकवा, नदीला पसरू द्या. भरावावर बांध घालणार असाल तर जास्तच सांभाळा, भिजल्यावर भराव बसतो आणि माथ्याची उंची आपोआप कमी होते. खाणीची माती फुकट मिळते म्हणून तीच लोटू नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोळशाचा चुरा असेल तर धुमसतेही. पूरपातळीच्या वर 1.5 मीटर मोकळी उंची ठेवा, विसर्ग 3000 घनमीटर प्रति सेकंदाच्या पुढे असेल तर 1.8.

अर्थात तुमची जागा मी पाहिलेली नाही, उताराची स्थिरता मातीवाल्याकडूनच तपासून घ्या. आणि झडप बसवलीत तर मेमध्येच माणूस पाठवा. तिच्यात प्लास्टिक नि बेशरमाची झुडपं हमखास अडकतात.