ती उरलेली ट्यूब मांजरीला लावू नका

ताई, आधी उठा आणि कुत्र्याच्या गोचिडांच्या औषधाची ती अर्धी उरलेली ट्यूब मांजरीच्या आणि तुमच्या स्वतःच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. मग बाकीचं वाचा.

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. नागपूरच्या मानेवाड्यात भाड्याचं घर, दोन वर्षांचा लॅब (लॅब्रेडॉर कुत्रा), आठ महिन्यांची मांजर, एका आठवड्यात ४,६०० रुपये गेले, गोचीड संपून नाही राहिले, लॅब दोन दिवसांपासून सुस्त. आणि सगळ्यात शेवटी, सहज विचारल्यासारखं: "लॅबचे ड्रॉप्स थोडे उरलेत, मांजरीला पण लावून टाकू का?" खाली लोकांनी खर्च कमी करायच्या भरपूर युक्त्या दिल्या, पण त्या शेवटच्या वाक्याला कोणी हातच नाही लावला. मी अडकलो ते तिथेच. २०२१ च्या जूनमध्ये मी ते नुसतं विचारलं नव्हतं, करून बसलो होतो.

मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं कुत्री पाळतोय, मांजरी सहा वर्षं. खाली जे आहे ते माझं भोगलेलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून समजलेलं. लस, जंताचं औषध, नसबंदी यावर लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

आमच्याकडे तर्री नावाचा देशी कुत्रा (रंगावरून नाव) आणि बर्फी नावाची मांजर. त्या वर्षी पहिल्या पावसानंतर घरात गोचीड झाले. पडद्यावर, भिंतीवर, कूलरच्या लाकडी स्टँडच्या फटीत. दुकानातून तर्रीसाठी मानेवर टाकायचे थेंब आणले. दुकानदाराला विचारलं, "मांजर पण आहे घरात, तिला चालते का?" तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "चालते ना भाऊ, थोडं कमी टाका." मांजरीची वेगळी ट्यूब ३८० रुपयांची होती. मी म्हटलं, हे उरलेलंच टाकू, थोडं कमी.

संध्याकाळी सात वाजता टाकलं. साडेदहाला बर्फीचे कान फडफडू लागले. आधी वाटलं, थेंबांची खाज. मग चेहऱ्याची कातडी थरथरायला लागली, मग पाय, मग अख्खं अंग, जानेवारीत भिजलेल्या माणसासारखं. उभी राहायची आणि पडायची. आई म्हणे दृष्ट लागली, मीठ-मोहरी ओवाळा. मी ट्यूबचा खोका कचऱ्यातून काढला. मागच्या बाजूला, माझ्या चष्म्यालाही नीट न दिसणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं: फक्त कुत्र्यांसाठी, मांजरांवर वापरू नये.

त्यातलं औषध परमेथ्रिन. कुत्र्यांच्या काही थेंबांत ते ४५-५० टक्क्यांपर्यंत असतं. कुत्र्याचं यकृत ते तोडून बाहेर टाकतं. मांजरीच्या यकृताची ती सोय फार तोकडी असते, त्यामुळे औषध अंगातच साचून मज्जातंतूंवर जातं. "थोडं कमी टाका" हा सल्ला म्हणूनच बिनकामाचा. एवढ्या तीव्रतेच्या औषधाचे थोडेसे थेंबही तिच्यासाठी खूप झाले.

आता माझा सगळ्यात जास्त जीव जळतो ती गोष्ट. घरापासून चार किलोमीटरवर एक दवाखाना होता. नाव नाही लिहीत, लिहून काही फायदाही नाही. बोर्डावर कुत्रा आणि मांजर दोघांचं चित्र, खाली २४ तास. बर्फीला भाजीच्या पिशवीत घालून ऑटोनं पोचलो तेव्हा पावणेबारा. आत एक पोऱ्या झोपलेला. त्यानं डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टरांनी विचारलं कुत्रा आहे की मांजर, मांजर म्हटल्यावर फोन पोऱ्याच्याच हातात राहिला. "साहेब म्हणून राहिले, रात्री मांजर नाही बघत, सकाळी दहाला आणा." मी म्हटलं, अरे सकाळपर्यंत हिचं काय होईल? तो बिचारा तरी काय बोलणार. वर म्हणे एक अँटी-अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन मारून देतो, २०० रुपये. मी मारू दिलं नाही. इतकी एक अक्कल त्या रात्री शाबूत होती.

चाळीस मिनिटं त्या ओट्यावर बसून फोन फिरवत गेली. शेवटी धरमपेठेतल्या एका डॉक्टर मॅडमनी फोन उचलला. पहिलं वाक्य हे: "घरी जाऊन भांड्याच्या साबणानं धुवा, कोमट पाण्यानं, गरम नाही आणि गार पण नाही, मग टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्याकडे आणा." गरम पाण्यानं कातडीकडे रक्त धावतं आणि औषध जास्त शोषलं जातं, गार पाण्यानं अंग थंड पडून थरथर वाढते, हे त्यांनी नंतर समजावलं. भांड्याचा साबण यासाठी की औषध तेलकट असतं, नुसत्या पाण्यानं जात नाही. पण मांजरीला झटके येत असतील, शुद्ध नसेल, तर धुण्यात वेळ घालवू नका, सरळ उचला आणि न्या. आमची शुद्धीवर होती म्हणून मॅडम तसं म्हणाल्या.

या विषावर ठरलेला असा उतारा नाही. थरथर आणि झटके थांबवायची औषधं, सलाईन, अंगाचं तापमान सांभाळणं, आणि शरीर ते बाहेर टाकेपर्यंत वाट पाहणं. बर्फी तीन दिवस भरती होती. हिशेब अजून माझ्या डायरीत आहे: भरतीचे ९,०००, औषधं आणि सलाईन ५,२००, रक्त तपासण्या २,१००, रात्रीची फी १,५००, ऑटो ६००. एकूण १८,४००. वाचवले होते ३८०.

वाचली ती. आता हे लिहिताना कीबोर्डवर शेपूट ठेवून बसली आहे.

त्या दवाखान्याच्या बोर्डावरचा राग अजून जात नाही. मांजर येत नसेल तर नाही येत, लाजायचं काय त्यात, पण मग बोर्डावर चित्र कशाला काढता? म्हणून माझं ठाम मत: जनावर बरं असताना, एखाद्या निवांत दुपारी, आपल्या दवाखान्याला तीन प्रश्न विचारून ठेवा. मांजर बघता का? रात्री फोन कोण उचलतो? रक्त इथेच तपासता की बाहेर पाठवता? उत्तरं देताना जो गुळमुळीत बोलतो त्याच्याकडे फक्त लशीपुरतं जा.

दोघं एका घरात असले की आणखी एक भानगड. समजा ट्यूब तुम्ही फक्त लॅबलाच लावली, तरी मांजर त्याला चिकटून झोपते, चाटते. त्यामुळे परमेथ्रिनवालं औषध असेल तर मांजर असलेल्या घरात ते नकोच, असं आमच्या मॅडमचं म्हणणं. कुत्र्यासाठी गोळीच्या रूपात मिळणारी औषधं आहेत, काही महिनाभर चालतात, काही बारा आठवडे. महाग वाटतात. मीसुद्धा आधी तोंड वाकडं केलं होतं. पण ती तर्रीच्या पोटात जातात, बर्फीच्या जिभेवर येत नाहीत. तुमच्या लॅबला आधी कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या गोळ्या मग जपून देतात. आणि मांजरीसाठी मांजरीचंच, वजन सांगून.

विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला हवं: गावाहून येणारी बाटली. माझे काटोलकडचे मामा दरवर्षी बैलांच्या गोचिडांचं औषध "एकदम जालीम" म्हणून आणतात. झाकणभर बादलीत टाका, कुत्रा धुवा, काम फत्ते. ती औषधं परमेथ्रिनच्याच खानदानातली, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन असल्या नावांची. बैल चार क्विंटलचा, मांजर तीन किलोची. पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या फवाऱ्यातही बहुतेक वेळा हेच असतं. फवारणीच्या दिवशी मांजर मैत्रिणीकडे ठेवा, फरशी पूर्ण वाळल्यावर, घराला वारा लागल्यावरच परत आणा. रॉकेल चोळायला सांगणारेही भेटतील. त्यांना हात जोडा.

घरातले गोचीड मात्र मारावेच लागतील, नाहीतर कुत्र्यावरचा खर्च पाण्यात. हा तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडतो, भिंतीवर चढतो, फटीत शिरतो, मादी एका वेळी हजारोंनी अंडी घालते. घराबाहेर न जाता त्याची पिढ्यान्‌पिढ्या सोय होते. आम्ही फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवल्या, कूलरच्या जुन्या लाकडी स्टँडला लोखंडी स्टँड आणला, तर्रीची गोधडी दर चार दिवसांनी उकळत्या पाण्यात. दोन महिने लागले. अंगावरचा गोचीड चिमट्यानं कातडीजवळ पकडून सरळ ओढायचा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. नखानं चिरडू नका, काडी लावू नका.

आता तुमचा लॅब. यावर मी कमी लिहितोय कारण हे माझ्या हातातलं नाही, पण उशीर करू नका. गोचीड, ताप, जेवण बंद, सुस्ती, म्हणजे नागपुरात कोणाच्याही डोक्यात आधी टिक फीव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप येतो. नुसतं सलाईन आणि लिव्हर टॉनिक देऊन "दोन दिवस बघू" म्हणणाऱ्यांना विचारा की रक्त का नाही तपासत. प्लेटलेट्स मोजा, स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करून घ्या. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसले तर मग उद्याची वाट नको. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं तर साधारण २८ दिवसांचा कोर्स असतो. पाचव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवू लागतो आणि आपण म्हणतो, झालं बरं. नाही झालं. कोर्स पूर्ण करा. जेवणाबरोबर द्या, रिकाम्या पोटी ओकतो.

पैशाची अडचण असेल तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. शिकवायचं ठिकाण आहे, त्यामुळे एका कुत्र्याभोवती आठ विद्यार्थी उभे राहतात, तुमचा लॅब लाजाळू असेल तर बावचळेल. वेळही जातो. पण खासगी दवाखान्यात बिल बघून तुम्हाला जे होतं ते तिथे होत नाही. वेळा आधी विचारून, सकाळी लवकर जा.

खर्चाचं विचारलंत म्हणून आमचा आकडा: तर्रीचं खाणं महिन्याला २,८०० च्या आसपास (चिकन, भात, भोपळा, कधी अंडी), बर्फीचं १,५००, तिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये टाकायची लिटर ९००, गोचीड-जंत-लस सगळं बारा महिन्यांवर वाटलं तर ७००-८००. तुमचा लॅब आहे, खाणं दीडपट धरा. यात दवाखाना नाही. त्यासाठी मी आरडी काढली आहे, महिन्याला १,००० रुपये, बायको तिला "बर्फी फंड" म्हणते. पाळीव प्राण्यांचा विमा मिळतो, पण मी काढलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

लिटर महाग वाटत असेल तर आरा मशीनवरचा भुसा चालतो, रंग-पॉलिशचा नको. रविवारच्या सावजी मटणाची हाडं लॅबला देऊ नका, शिजलेलं हाड टोकदार फुटतं, आणि रश्शातला कांदा-लसूण दोघांनाही वाईट. मांजरीला दवाखान्यात न्यायला भाजीची पिशवी तर अजिबातच नको, त्या रात्री ऑटोत ती फाडून बाहेर आली असती. फळवाल्याकडचे दोन प्लास्टिक क्रेट एकावर एक उलटे ठेवून केबल टायनं बांधा, १५० रुपयांत पिंजरा.

हो, आणि धुताना बर्फीनं माझा हात कोपरापर्यंत ओरबाडला. तिची रेबीजची लस झालेली होती, पण कार्ड सापडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मी पण रांगेत. ओरखडा असो की चावा, आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, मग डॉक्टर. आणि लशीच्या कार्डाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा.

बाकी, खाली एका भाऊंनी तुम्हाला लिहिलंय की "दोन्ही प्राणी झेपत नसतील तर एक देऊन टाका." मनावर घेऊ नका. ४६ डिग्रीत एसीविना हस्की पाळणाऱ्यांना हे सांगा म्हणावं. तुमची चूक फार तर एवढीच की ट्यूबचा खोका वाचला नाही, आणि ती अजून घडलेलीसुद्धा नाही.

ट्यूबवर परमेथ्रिन लिहिलंय का ते बघून इथेच कळवा. लॅबच्या रक्ताचा रिपोर्ट आला की प्लेटलेट्सचा आकडा पण टाका. मी रात्री अकरापर्यंत जागा असतो.