फुकट, मोफत आणि विसरलेली नादारी

प्रश्न असा आलाय की मुलींची कॉलेजची फी सरकार भरतं त्याला 'फुकट शिक्षण' म्हणायचं की 'मोफत', अर्थ एकच ना?

एकच कसा असेल हो? आहेर न देता जेवून जाणारा फुकट्या असतो, मोफत्या ऐकलाय कधी? आणि इथं फुकट काहीच नाहीये, फी भरली जातेच, भरणारा बदलला. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ झाली (आधी ५० टक्के होती), तेव्हापासून सोसायटीच्या कट्ट्यावर 'आमच्या टॅक्सवर फुकट शिकतात' ऐकून कान किटलेत. मेस आणि रूमचं भाडं कोण भरतं ते विचारा की त्यांना.

पण मूळ शब्द सगळेच विसरलेत, नादारी! गरीब घरातल्या मुलांना शाळेत फीची सवलत मिळायची, ती नादारी. फारसीत 'दार' म्हणजे जवळ असणारा, बाळगणारा, तोच जमीनदार, दुकानदार, हवालदारातला. ज्याच्याकडे काही नाही तो ना-दार. काय नेमका शब्द आहे! आणि मजा म्हणजे कोटींची कर्जं थकवणाऱ्या कंपन्यांच्या २०१६ च्या कायद्यालाही मराठीत 'नादारी व दिवाळखोरी संहिता' म्हणतात, तिथं मात्र फुकटे कोणी म्हणत नाही. नादारी म्हणजे 'अनादर' अशी व्युत्पत्ती सांगणारे एक गुरुजी मला भेटलेत, त्यांना कोपरापासून नमस्कार.

दुसरे एक शुद्धिवादी म्हणाले, नादारी परकी, 'शुल्कमाफी' लिहा. अहो, माफी अरबी आहे! आणि शुल्क संस्कृत खरं, पण त्याचा एक जुना अर्थ वधूमूल्य, रामायणातली सीता 'वीर्यशुल्का', म्हणजे पराक्रम हेच जिचं मोल, ती त्याच अर्थानं. आता 'मुलीचं शुल्क माफ' परत वाचा.

माझं तर ठाम मत आहे की निम्मी चिडचिड या 'माफी'मुळेच होते. माफी गुन्ह्याची असते, म्हणूनच की काय, शेतकऱ्यांच्या कर्जमाफी योजनेची २०१९ मध्ये 'कर्जमुक्ती' झाली. नादारी नुसती परिस्थिती सांगते, उपकार नाही की गुन्हा नाही.

आईला हे पटत नाही. तिच्या पावतीवर लाल शाईत 'अर्धी नादारी' असायचं, आणि मास्तर भर वर्गात 'नादारीवाले उभे राहा' म्हणायचे.