‘रीच सर्टिफिकेट’ मागितलंय? आधी पोत्यात काय आहे ते बघा

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. झिंक स्टिअरेट आणि कॅल्शियम स्टिअरेट या प्लास्टिकमध्ये मिसळायच्या पावडरी बनवतो. माल बहुतेक इथल्याच पाईपवाल्यांना जातो. आता पोलंडच्या एका खरेदीदाराने वर्षाला बारा टन झिंक आणि सहा टन कॅल्शियम मागितलंय. सोबत एक ओळ आहे, ‘रीच सर्टिफिकेट पाठवा.’ एक एजंट म्हणतो, आठ दिवसांत काढून देतो. नमुना म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचा कागद दाखवला, त्यावर ०५ ने सुरू होणारा नंबर आहे. माझा भाऊ म्हणतो, मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरला (दुसऱ्याचा माल घेऊन परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला) माल देऊन टाकू, पुढची कटकट त्याची. ताई, काय करावं?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : दादा, एजंटला पैसे देऊ नका. ‘रीच सर्टिफिकेट’ नावाचा कागद युरोपियन युनियनचं कुठलंही सरकारी खातं देत नाही. रीच हा तिथला रसायनांचा कायदा, २००६ चा, १ जून २००७ पासून लागू झालेला. त्याचं काम बघणारी युरोपियन केमिकल्स एजन्सी फिनलंडमध्ये हेलसिंकीला आहे. ती देते तो नोंदणी क्रमांक, आणि तो ०१ ने सुरू होतो. ०५ चा नंबर हा पूर्वनोंदणीचा. २००८ मध्ये जून ते १ डिसेंबर या काळात जगभरच्या कंपन्यांनी घाईघाईने पूर्वनोंदणी करून ठेवली होती, पुढे खरी नोंदणी करायला मुदत मिळावी म्हणून. ती शेवटची मुदत ३१ मे २०१८ ला संपली आणि ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्या जुन्या नंबरांना काही अर्थ उरला नाही. म्हणजे एजंटने दाखवलेल्या कागदावर आज एक पोतंही उतरणार नाही.

भावाचा मार्गही चालणार नाही. युरोपबाहेरच्या माणसाला स्वतःच्या नावाने नोंदणी करता येत नाही. तिथल्या आयातदाराने नोंदणी करायची, नाहीतर माल बनवणाऱ्याने तिथे आपला ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’ नेमायचा आणि त्याने करायची. हा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क उत्पादकाला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. मर्चंट एक्स्पोर्टर माल नेईल, बिल फाडेल, पण नोंदणीचा धागा फिरून तुमच्याच भट्टीपाशी येईल. तोपर्यंत खरेदीदार हातचा गेलेला असेल.

आता तुमच्या मालाकडे येऊ. कागदपत्रांच्या आधी स्टोअरमध्ये जाऊन पोत्यावरचं लेबल वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. तुमच्या दोन मालांचं नशीब इथेच वेगळं होतं.

रीचच्या पाचव्या परिशिष्टात नोंदणीतून सूट मिळालेल्या पदार्थांची यादी आहे. नैसर्गिक स्रोतातून आलेली, रासायनिक बदल न केलेली आणि धोकादायक वर्गात न बसणारी वनस्पती तेलं त्यात आहेत. सहा ते चोवीस कार्बनची फॅटी अॅसिड्स आहेत, आणि त्यांचे पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे चार क्षार आहेत. झिंक त्यात नाही. म्हणून कॅल्शियम स्टिअरेटला सूट मिळायची वाट आहे आणि झिंक स्टिअरेटला नोंदणी लागते. दोन्ही पावडरी शेजारशेजारच्या पोत्यांत ठेवल्या तर डोळ्यांनी ओळखू येणार नाहीत. तोच साबणासारखा गुळगुळीत स्पर्श, तीच भुवयांवर बसणारी पांढरी धूळ. कायद्याच्या नजरेत मात्र एक आत आणि एक बाहेर.

कॅल्शियमचीही घाई करू नका. तुमचं स्टिअरिक अॅसिड कुठून येतं? बाजारातलं पुष्कळसं पामच्या तेलापासूनचं असतं आणि त्यातलं बरंच हायड्रोजनेशन करून कडक केलेलं असतं. हायड्रोजन घातला की दुहेरी बंध जातात, म्हणजे रेणूची रचना बदलते. कायद्यात ‘रासायनिक बदल न केलेला’ याचा अर्थच रचना तशीच राहिलेला असा दिलाय. तेव्हा तुमच्या स्टिअरिक अॅसिडच्या चकत्या (फ्लेक्स) हायड्रोजनेटेड असतील तर सूट सांगता येणार नाही. पुरवठादाराकडून लेखी घ्या : तेल कोणतं, प्रक्रिया कोणती, हायड्रोजनेशन झालंय की नुसतं फ्रॅक्शनेशन (तेलाचे घट्ट-पातळ भाग वेगळे करणं). फोनवर ‘एकदम नॅचरल आहे साहेब’ म्हणाला तर त्याला कागदाची किंमत नाही. दोन पुरवठादार असतील आणि दोघांचा माल एकाच टाकीत पडत असेल, तर युरोपच्या बॅचसाठी ते आजपासून वेगळे करा.

आता झिंक. तुमच्या पोत्यावर ‘झिंक स्टिअरेट’ छापलंय, पण आत तेच आहे का? व्यापारी स्टिअरिक अॅसिड म्हणजे सोळा कार्बनचं पामिटिक आणि अठराचं स्टिअरिक यांचं मिश्रण. एकच घटक ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच साधारणपणे त्या एका घटकाच्या नावाने पदार्थाची ओळख ठरते. तुमच्याकडे ते प्रमाण निम्म्यानिम्म्याच्या आसपास असलं तर तुमचा पदार्थ ‘फॅटी अॅसिड्स सी १६-१८, झिंक सॉल्ट्स’ या ओळखीत जातो. त्याचा सीएएस नंबर, म्हणजे रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, ९१०५१-०१-३. शुद्ध झिंक डायस्टिअरेटचा ५५७-०५-१. बहुतेक बिलांवर दुसरा छापलेला असतो, कारण पूर्वी कुणीतरी छापला आणि तोच पुढे चालत आला. चुकीच्या ओळखीवर नोंदणीचा खर्च केला तर तो तुमच्या मालाला लागू पडणार नाही, म्हणून ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

यासाठी लागतं ते विश्लेषण : फॅटी अॅसिडचं प्रमाण दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफ, इन्फ्रारेड स्पेक्ट्रम, झिंकचं प्रमाण, ओलावा, मोकळं अॅसिड. तुम्ही कॉस्टिक आणि झिंक सल्फेटच्या मार्गाने बनवत असाल तर धुऊन राहिलेलं सोडियम सल्फेट किती, तेही. झिंक ऑक्साइड थेट वितळलेल्या अॅसिडमध्ये घालत असाल तर शिल्लक ऑक्साइड किती. वेगवेगळ्या बॅचचे आकडे लागतील, एका देखण्या बॅचचे नकोत. या ओळखीच्या चाचण्यांना जीएलपी (चाचण्यांची ठरलेली शिस्त पाळणारी) प्रयोगशाळाच हवी अशी अट नाही. ती अट विषारीपणाच्या आणि पर्यावरणाच्या चाचण्यांना आहे. तेव्हा आधी बांभोरीच्या रस्त्याला आपल्या विद्यापीठात रसायनशास्त्र विभागात विचारा. आपल्या पोरांनी चालवलेली यंत्रं तिथे आहेत. मुंबईला नमुना पाठवण्याआधी तिथे काय होतं ते बघायला काय हरकत आहे?

मग टनांचा हिशोब. एका नोंदणीदाराचा वर्षाला एक टन झाला की नोंदणी लागते. पुढचे टप्पे दहा, शंभर आणि हजार टनांवर. तुमचे बारा टन दहाच्या वर जातात, आणि दहाच्या वर माहिती जास्त लागते, शिवाय रासायनिक सुरक्षा अहवाल लागतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी खरेदीदाराला नऊ टनांवर आणा. माल बसला, पैसे वेळेवर आले, की वरच्या टप्प्यात जा. मात्र एक लक्षात ठेवा, प्रतिनिधीमार्फत गेलात तर तुमचा सगळ्या युरोपियन युनियनमधला माल एकत्र मोजला जातो. पोलंडला नऊ आणि स्पेनला दोन म्हणजे अकरा.

आयातदार की प्रतिनिधी? आयातदाराने नोंदणी केली तर खर्च त्याचा, पण तुम्ही त्याच्याच दाराशी बांधले जाता. उद्या त्याने भाव पाडला तर दुसरा ग्राहक शोधायला पुन्हा शून्यापासून. प्रतिनिधी नेमलात तर खर्च तुमचा, पण त्या नोंदणीवर तुम्ही कुणालाही माल विकू शकता आणि तिथले आयातदार कायद्याने नुसते वापरकर्ते ठरतात. एकच गिऱ्हाईक आणि एकदोन कंटेनरचा विचार असेल तर आयातदाराला करू द्या. पाच वर्षं युरोपात टिकायचं मनात असेल तर प्रतिनिधी. पण नोंदणी प्रतिनिधीच्या नावावर असते. उद्या त्याला बदलायची वेळ आली तर तो नवीन प्रतिनिधीकडे नोंदणी हस्तांतरित करून देईल, आणि तुमची सगळी कागदपत्रं तुम्हाला मिळतील, हे करारात आधीच लिहून घ्या. हे कलम टाळणाऱ्या प्रतिनिधीकडे जाऊ नका.

खर्चाचा मोठा भाग एजन्सीच्या फीचा नसतो, तो माहितीचा असतो. एका पदार्थाची नोंदणी सगळ्यांनी मिळून करायची असा नियम आहे. आधी प्रतिनिधी एजन्सीकडे ‘इन्क्वायरी’ करतो, मग आधीच्या नोंदणीदारांशी संपर्क होतो, आणि त्यांच्याकडची माहिती वापरायचा हक्क ‘लेटर ऑफ अॅक्सेस’ म्हणून विकत घ्यावा लागतो. पहिला आकडा ऐकून घाबरू नका आणि मानही डोलवू नका. २०१६ च्या नियमानुसार कुठल्या अभ्यासाचे किती आणि व्यवस्थापनाचे किती, असा फोडून हिशोब मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तुमच्या टनांच्या टप्प्याला लागते तेवढ्याच माहितीचे पैसे द्यायचे. प्राण्यांवरची चाचणी आधी झालेली असेल तर ती पुन्हा करायला परवानगी नाही, वाटूनच घ्यावी लागते.

एजन्सीच्या फीमध्ये सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना सवलत आहे, आणि प्रतिनिधीच्या बाबतीत आकार बघतात तो तुमचा, त्याचा नाही. पण तिथली व्याख्या वेगळी. सूक्ष्म म्हणजे दहापेक्षा कमी माणसं आणि वीस लाख युरोपर्यंत उलाढाल किंवा ताळेबंद. भावाच्या नावावर दुसरं युनिट असून मालकी एकमेकांत गुंतलेली असेल तर तेही मोजतात. नुसतं उद्यम प्रमाणपत्र जोडून भागत नाही, खोटं निघालं तर फरक आणि वर दंड भरावा लागतो. एक ते दहा टनांत रीचच्या सातव्या परिशिष्टातली पूर्ण माहिती दिली तर फीच लागत नाही. नऊ टनांचा सल्ला दिला त्यामागे हेही एक कारण.

खरेदीदाराला आज काय उत्तर द्यायचं? एवढंच लिहा की झिंकची नोंदणी अजून नाही, तुम्ही आयातदार म्हणून करणार की आम्ही प्रतिनिधी नेमू, ते ठरवू. कॅल्शियमसाठी कच्च्या मालाचा पुरावा तपासतोय. आणि सोळा भागांचा सेफ्टी डेटा शीट (मालाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद) युरोपच्या नमुन्यात तयार करतोय. असं पत्र वाचून पळणारा खरेदीदार क्वचितच असतो. तिथे बसलेल्या माणसाला खोट्या कागदाची भीती तुमच्यापेक्षा जास्त असते, कारण कायद्याने त्यालाच धरतात. आणि हाच माल इंग्लंडला पाठवायचा विचार असेल, तर १ जानेवारी २०२१ पासून त्यांची नोंदणी वेगळी आहे, युरोपचा नंबर तिथे चालत नाही.

प्रश्न : आमची चटई फ्रान्सला जाते. ग्राहक ‘एसव्हीएचसी डिक्लरेशन’ मागतो. आम्ही रसायन विकतच नाही, मग हे आम्हाला कशाला? वडील म्हणतात, सही करून देऊन टाक.
(एक वाचक, अजिंठा चौफुलीजवळून)

उत्तर : ताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा, पण सही थांबवा. चटई ही ‘वस्तू’ आहे, तिला झिंक स्टिअरेटसारखी नोंदणी लागत नाही हे खरं. पण अतिचिंतेच्या रसायनांची, म्हणजेच ‘एसव्हीएचसी’ची, एक यादी आहे. २००८ मध्ये ती पंधरा नावांची होती, आता अडीचशेच्या आसपास आहे आणि साधारण वर्षातून दोनदा वाढते. त्यातलं काही वस्तूत वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर तिथल्या विक्रेत्याला ते पुढे कळवावं लागतं, साध्या गिऱ्हाईकाने विचारलं तर ४५ दिवसांत. म्हणून तो तुम्हाला विचारतोय.

हे ०.१ टक्का सगळ्या चटईवर धरायचं नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय की जोडलेला प्रत्येक भाग वेगळा मोजायचा. म्हणजे विणलेली प्लास्टिकची पट्टी वेगळी आणि कडेला शिवलेली कापडी गोट वेगळी. गोटेचा कापडवाला कोण, रंग कोणता, हे तुम्हाला माहीत आहे का? बहुतेकांना नसतं.

तुमच्यासाठी खरा धोका मला रिप्रोसेस दाण्यात, म्हणजे जुनं प्लास्टिक दळून केलेल्या दाण्यात, दिसतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का आहे, आणि जुन्या लाल, नारिंगी, पिवळ्या प्लास्टिकमध्ये कॅडमियमचे रंग असायचे. जुने क्रेट दळून आलेला दाणा हातात घेतला तर तो मळकट तपकिरी दिसतो, त्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. युरोपच्या ऑर्डरसाठी नवा दाणा वापरा, किंवा भंगारवाल्याच्या प्रत्येक लॉटचा नमुना तपासून लॉट नंबरसह ठेवा. मग त्या लॉटपुरती सही करा, खाली तारीख आणि कुठल्या तारखेची यादी बघितली ते लिहा. यादी वाढली की डिक्लरेशन नवं.

प्रश्न : नंदुरबारच्या मिरचीचं ओलिओरेझिन (घट्ट अर्क) युरोपला पाठवायचंय. रीच लागेल का?
(एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : खाण्यात जाणाऱ्या मालाला नोंदणी लागत नाही. तिथे तुमची परीक्षा कीटकनाशकांच्या अंशावर आणि अफ्लाटॉक्सिनवर (बुरशीच्या विषावर) होईल, ते नियम वेगळे. पण तोच माल कुणी स्प्रेत किंवा उंदीर पळवणाऱ्या वायरीच्या आवरणात वापरणार असेल तर त्या टनांना ‘खाद्य’ म्हणता येणार नाही. ऑर्डर घेतानाच वापर लेखी विचारा आणि खाद्य व अखाद्य मालाची बिलं वेगळी फाडा.