'डेझर्ट गूजबेरी' म्हणजे मिठाईचा आवळा?

प्रश्न असा आहे: रोपांच्या एका माहितीपत्रकात 'रेड डेझर्ट गूजबेरी'चं भाषांतर 'मिठाईच्या लाल आवळ्याची प्रजाती' असं केलंय. ते बरोबर आहे का?

माझ्या मते त्यातला फक्त 'लाल' टिकतो.

आवळ्याची किंचित पारदर्शक साल आणि तिच्यावरच्या उभ्या रेषा पाहून इंग्रजांना आपली गूजबेरी आठवली, म्हणून ते आवळ्याला 'इंडियन गूजबेरी' म्हणू लागले. ती उपमा उलटी फिरवून गूजबेरीलाच आवळा म्हटलं की घोटाळा होतो. आवळ्याचा वृक्ष असतो आणि फळात एकच टणक आठळी. गूजबेरीचं काटेरी झुडूप असतं, गर मऊ, बिया बारीक, आणि तिचं जवळचं नातं करंट नावाच्या छोट्या बेरीशी. इंग्रजीने हे नाव तसं सढळ हाताने वाटलंय: रसभरी 'केप गूजबेरी', किवी पूर्वी 'चायनीज गूजबेरी'. आपण सरळ गूजबेरीच लिहावं.

खरी गंमत 'डेझर्ट'मध्ये आहे. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ जेवणाचं टेबल आवरणं. जेवण उरकल्यावर जे पुढे येई ते डेझर्ट, आणि त्यात फळंही असत. बागाईतदारांच्या बोलण्यात तोच अर्थ राहिला: न शिजवता, ताजं खायचं फळ. आपण 'भाजीचं केळं' आणि 'खायचं केळं' असा भेद करतो, अगदी तसाच. 'इन्व्हिक्टा' ही हिरवी गूजबेरी मुख्यतः शिजवायची. 'पॅक्स' लाल, जवळजवळ बिनकाट्याची, झुडपावरून तोडून तोंडात टाकायची. पण 'व्हिनहॅम्स इंडस्ट्री' नावाची गूजबेरी कच्ची असताना शिजवतात आणि गडद लाल पिकली की तशीच खातात. म्हणजे 'डेझर्ट' हा शब्द फळाच्या पिकलेपणाबद्दलही बोलतो, म्हणून भाषांतरात 'पिकल्यावर' हा शब्द मला आवश्यक वाटतो.

'प्रजाती'ही नको. पॅक्स काय, इन्व्हिक्टा काय, सगळ्या मुळात युरोपीय गूजबेरीच. त्यांच्यातला फरक वाणाचा. शेतीत रुळलेला हा नेमका शब्द हाताशी असताना प्रजाती कशाला?

मी असं लिहीन: 'गूजबेरीचा लाल फळांचा वाण, फळं पिकल्यावर ताजी खाण्याजोगी.' मूळ इंग्रजीपेक्षा लांब झालं खरं, पण रोप घेणाऱ्याला फळ कधी तोडायचं हे त्यातून कळतं.